उसाचे बिल आणि पोटगीचा हप्ता

पोटगीच्या दाव्यात वकिलाची खरी कसोटी कलम शोधण्यात नसून पतीचे उत्पन्न सिद्ध करण्यात लागते. नोकरदाराचे पगारपत्रक असते. बारामती-इंदापूरच्या बागायतदाराचे काय? शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, सातबारा बहुधा वडिलांच्या नावे, कुटुंब एकत्र. 'माझ्या नावे गुंठाभरही जमीन नाही' असे लेखी म्हणणे दाखल झाले की पत्नीच्या वकिलाने दारातल्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवावे, एवढेच उरते, असा समज आहे.

तो खरा नाही. जमीन वडिलोपार्जित असल्यास मुलाचा तीत जन्मतःच हिस्सा असतो. शिवाय नीरा डाव्या कालव्याखालील या पट्ट्यात शेतीचा पैसा लेखी वाटेनेच घरी येतो. ऊस कोणाच्या नावे नोंदला, किती टन गाळला, बिल कोणत्या खात्यात गेले, हे माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या दप्तरात असते. दूध संस्थेच्या बिलांचेही तसेच. ही कागदपत्रे न्यायालयामार्फत मागवता येतात. नागपूरहून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उभय पक्षांना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि शेतकरी पक्षकारांसाठी निराळा नमुनाही दिला. तो अर्धवट भरलेला असेल तर पहिल्याच तारखेला हरकत घ्यावी.

अर्थात बिल म्हणजे नफा नव्हे. बियाणे, खत, पाणीपट्टी व पीककर्जाची कपात जाऊन हाती काय राहते, हे मांडण्याचा पतीच्या वकिलाला पूर्ण अधिकार आहे. मात्र खताचा खर्च वेगळा आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता वेगळा. दुसऱ्यातून मालमत्ता उभी राहते. हा भेद युक्तिवादात क्वचितच नेटका मांडला जातो.

रक्कम ठरली तरी अडचण संपत नाही. पोटगी महिन्याला, उसाचे पैसे हंगामाला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातील चौदा दिवसांची मुदत असूनही बिल अनेकदा हप्त्यांनीच मिळते. थकबाकीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीचे कलम १२५) रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. न भरणाऱ्याला कैद होऊ शकते. पण कैदेने पत्नीच्या घरची चूल पेटत नाही. म्हणून वसुलीचा अर्ज हंगामाचा अंदाज घेऊन, बिल खात्यात जमा होण्यापूर्वी करावा आणि त्यात पतीच्या नावच्या बिलाच्या जप्तीची मागणी स्पष्ट नमूद करावी. बिल वडिलांच्या नावे असेल तर जप्तीचा हात तिथवर पोचत नाही. अशा वेळी मूळ रक्कम ठरतानाच मुलाचा हिस्सा पुराव्यानिशी नोंदवून घेण्याला पर्याय नाही.