घर पाहावे विकून?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ या म्हणीत आपल्या पूर्वजांनी संसारातील दोन मोठ्या कसोट्या नोंदवून ठेवल्या आहेत. घर विकण्याविषयी मात्र त्यांनी अशी एखादी म्हण मागे ठेवलेली नाही. त्या काळी घर विकावे लागणे ही आपत्ती मानली जाई. तो विचारपूर्वक घ्यावयाचा निर्णय नव्हता. आज तो निर्णय झाला आहे, आणि निवृत्तांचे शहर म्हणून ख्याती पावलेल्या म्हैसूरमध्ये तो अनेक उंबरठ्यांवर येऊन उभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगनंतर म्हैसूर शहर मोकळे करण्याची निकड भासली आणि १९०३ मध्ये तेथे नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. पुढील काळात वसलेल्या वस्त्यांमधून प्रशस्त भूखंड, सभोवार अंगण आणि नारळाच्या झाडांच्या सावलीतील बैठी घरे उभी राहिली. नोकरीनिमित्त येऊन निवृत्तीनंतर तेथेच स्थिरावलेल्या एखाद्या मराठी दांपत्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. घरात सत्तरी ओलांडलेली दोनच माणसे. जिना चढवत नाही, अंगण झाडवत नाही, आणि दर महिन्याला कोणी ना कोणी ‘घर विकायचे आहे का?’ असे विचारून जातो. या दांपत्याला पडणारा पहिला प्रश्न असतो : भाव अजून वाढेल काय?

या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर कोणापाशीही नाही. बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झाले आणि दोन शहरांतील प्रवासाचा वेळ घटला. त्यामुळे म्हैसूरच्या जमिनीला मागणी वाढेल, असा होरा अनेकांनी बांधला. दुसरीकडे, मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा उतरू लागला. गृहकर्जाचा हप्ता अशा रीतीने वरखाली होतो, तेव्हा खरेदीदाराची ऐपतही हिंदकळते. भाव केवळ चढतच जातात, या समजुतीवर विसंबणाऱ्यांनी मुंबईचा अनुभव आठवावा. १९९५ च्या सुमारास शिखरावर पोहोचलेले तेथील भाव नंतर काही वर्षे घसरत राहिले होते.

वस्तुतः भावाचा प्रश्न वाटतो तितका निर्णायक नसतो. उदाहरणादाखल, विकावयाच्या घराची किंमत दीड कोटी रुपये आणि त्याऐवजी घ्यावयाच्या लहान सदनिकेची ९० लाख रुपये आहे असे समजू. हाती ६० लाख उरतात. बाजार २० टक्क्यांनी घसरला, तर घराचे १ कोटी २० लाख येतील. पण सदनिकाही ७२ लाखांना मिळेल आणि ४८ लाख उरतील. कागदावरील हानी ३० लाखांची दिसली, तरी प्रत्यक्षातील फरक १२ लाखांचा आहे. दोन्ही ठिकाणचे भाव नेहमी बरोबरीने हलत नाहीत हे खरे. तथापि विकून पुन्हा घर घेणाऱ्याला बाजाराची अनिश्चितता निम्म्याहून कमी बाधते. तिचा खरा तडाखा बसतो तो आजारपण, कर्ज किंवा वाटणीचा तगादा यांमुळे ठरावीक मुदतीत विकावेच लागणाऱ्याला. म्हणून भावाचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा, थांबण्याची ताकद अंगी असतानाच निर्णय घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

विक्रीची रक्कम आणि हाती पडणारी रक्कम यांतील अंतरही आधीच मोजले पाहिजे. २३ जुलै २०२४ पासून घराच्या विक्रीतील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के दराने कर आकारला जातो. त्यापूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्क्यांच्या दराने हिशेब करण्याचीही मुभा आहे. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य आधारास धरता येते. विहित मुदतीत दुसरे घर घेतल्यास नफ्यावर करसवलत मिळते आणि तोपर्यंत ती रक्कम बँकेतील भांडवली लाभ खात्यात ठेवता येते. हा हिशेब सल्लागाराकडून विक्रीपूर्वी करून घ्यावा. विक्रीनंतर त्याचा उपयोग फारसा उरत नाही.

विकणे हाच एकमेव मार्ग आहे असेही नाही. घराचा एक भाग भाड्याने दिल्यास उत्पन्नाबरोबर सोबतही लाभते. राष्ट्रीय आवास बँकेच्या पुढाकाराने २००७ मध्ये आलेल्या ‘रिव्हर्स मॉर्गेज’ योजनेत साठी ओलांडलेल्या व्यक्तीला राहत्या घराच्या तारणावर बँकेकडून ठरावीक मुदतीपर्यंत नियमित रक्कम मिळते आणि घरात अखेरपर्यंत राहता येते. दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर राखावे, अन्यथा ते विकून कर्ज वळते होते. यात व्याज साचत जाते, रक्कम मिळण्याची मुदत संपते आणि वारसांच्या वाट्याला कमी उरते, हेही तितक्याच स्पष्टपणे समजून घ्यावयास हवे. जिना चढवत नाही ही अडचण मात्र यांपैकी कोणताच मार्ग दूर करीत नाही.

भावनेचा मुद्दा व्यवहारात हसण्यावारी नेला जातो, तो योग्य नाही. म्हैसूरच्या यादवगिरीतील आर. के. नारायण यांच्या घराची हकिकत या संदर्भात बोलकी आहे. ‘मालगुडी डेज’ या मालिकेमुळे मराठी घरांतही पोहोचलेल्या या लेखकाने अखेरची वर्षे चेन्नईत काढली आणि २००१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. २०११ मध्ये त्या घराचे पाडकाम सुरू झाले, तेव्हा लोकांनी आवाज उठवला, ते थांबवण्यात आले आणि २०१६ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. सामान्य माणसाच्या घरासाठी असे कोणी धावून येत नाही. भूखंडाला मोल देणारा खरेदीदार वरच्या भिंतींना आणि अंगणातील आंब्याला मोल देईलच असे नाही. विक्रीखतावर सही झाल्यावर त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नसतो. जी हळहळ व्हावयाची ती सहीपूर्वीच होऊन जाऊ द्यावी.

आणि एक नियम मात्र कोणत्याही बाजारात मोडू नये. पुढचे छप्पर निश्चित झाल्याखेरीज डोक्यावरचे छप्पर विकू नये, आणि आलेली रक्कम प्रथम त्या दोघांच्याच नावे राहावी. मुलांच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु घर विकून पैसा वाटून टाकल्यावर, दोघांपैकी एकटे मागे राहिलेल्या जिवाला मुलांच्या घरी पाहुणा म्हणून दिवस काढण्याची वेळ येऊ शकते. पडलेला भाव कालांतराने सावरू शकतो. उतारवयात हातून गेलेला स्वतःचा उंबरठा सहसा परत मिळत नाही.