डबा बोलतो तेवढं खरं?

मैत्रिणींनो, दिवाळी जवळ आली की घराला रंग देण्याचा विषय निघतोच. रंग कोणता, हे आपण ठरवतो. किती लागेल, हे मात्र रंगारी नाहीतर दुकानदार ठरवतो. इथेच आपण फसतो.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं राहुरी तालुक्यात नवं घरकुल झालं. मुलीचा साखरपुडा ठरला, म्हणून गटातून कर्ज काढून रंग आणला. घर 269 चौरस फुटांचं. डब्यावर लिहिलेलं, एका लिटरला 140 चौरस फूट. म्हणजे दोन लिटर पुरे! तरी हाताशी असावा म्हणून ताईंनी 4 लिटरचा डबा घेतला. एक खोली एका हातात झाली, अन् दुसरीत अर्ध्यावर डबा रिकामा. पुन्हा कर्ज, पुन्हा रंग. दुसरा डबा वेगळ्या घाणीतला निघाला, छटा जुळेना. पाहुण्यांसमोर भिंतीवरचा जोड दिसतच राहिला.

चूक कुठे झाली? 269 हे जमिनीचं माप. रंग भिंतीला लागतो! त्यांच्या दोन खोल्या 10 बाय 13 च्या. एका खोलीच्या चारही भिंतींची लांबी 46 फूट, उंची 10 फूट, म्हणजे 460 चौरस फूट. दोन खोल्यांचे 920. दारं-खिडक्यांचे शंभरेक वजा केले तरी 820 उरतात. जमिनीच्या तिप्पट! छत धरलं तर आणखी अडीचशे.

पुढचा प्रश्न, डब्यावरचा आकडा एका हाताचा की दोन हातांचा? दोन हातांचा असेल तर 820 ला साधारण 6 लिटर. एका हाताचा असेल तर दुप्पट, 12 लिटर. अन् हा आकडा गुळगुळीत, तयार भिंतीचा असतो. कोरी भिंत कोऱ्या माठासारखी पाणी पिते. म्हणून आधी प्रायमर हवं. ताईंनी पैसे वाचवायला नेमकं तेच टाळलं होतं. खरबरीत भिंत, बाहेरची बाजू, गडद रंगावर फिका रंग, या सगळ्याला रंग जास्तच लागतो.

यात कंपनीची जादू काही नाही. एक लिटर रंग शंभर चौरस फुटांवर पसरला की थर जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. पाणी उडून गेलं की आणखी पातळ. अर्ध्या किलो कणकेत पोळ्या जास्त करायच्या तर त्या पातळच होणार ना? रंगात वाजवीपेक्षा जास्त पाणी घातलं तर भिंत ओली होते, पण झाकली जात नाही. किती पाणी घालायचं, तेही डब्यावर लिहिलेलं असतं.

ब्लाउजला कापड किती, वीस माणसांना तांदूळ किती, हे आपण डोळे मिटून सांगतो. मग भिंतीपुढेच गप्प का? मला वाटतं, ‘बायकांना त्यातलं काय कळतं’ हे ऐकून ऐकून आपणही ते खरं मानलंय. पण हप्ता कोण फेडतं? आपणच ना!

तेव्हा शिवणाची टेप घ्या, भिंती मोजा, कागदावर लिहा. डब्यावरचा मजकूर दुकानातच वाचा. मशिनवर बनवलेली छटा दुकानदार सहसा परत घेत नाहीत, म्हणून हिशेब आधी करा. सगळे डबे एकदमच आणि एकाच बॅच नंबरचे घ्या. पावती मागायला लाजू नका. तक्रार असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आमच्या गटाने आता ठरवलंय, रंगासाठी कर्ज मागणाऱ्या बाईने आधी भिंतींचं माप आणायचं. पहिलं माप कोणी आणलं असेल? त्याच ताईंनी, शेजारणीच्या घराचं!