चावी देण्याआधी लायसन्स वाचा

रहिमतपूर आणि आसपासच्या गावांत मोटारसायकल ही आता चैन राहिलेली नाही. कॉलेजसाठी कोरेगाव, मोठ्या दवाखान्यासाठी सातारा, धंद्यासाठी औंध, पुसेसावळी, मसूर. रेल्वे स्टेशन आहे, पण ते गावाबाहेर, आणि प्रत्येक कामाच्या वेळेला एसटी मिळतेच असे नाही. फळविक्री असो, चिकनची पोच असो, सुतारकाम असो की वेल्डिंग, पोट दोन चाकांवर चालते. म्हणून घरात गाडी एक आणि चालवणारे चार असे चित्र सर्रास दिसते. गाडी अब्बांच्या नावावर, चालवतो थोरला, संध्याकाळी धाकटा, शुक्रवारी मामूंचा मुलगा.

या चौघांपैकी किती जणांच्या लायसन्सवर ही गाडी चालवण्याची नोंद आहे? ‘लायसन्स आहे का’ हा प्रश्न आपण कधीतरी विचारतो. ‘या गाडीचे आहे का’ हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

कायद्याच्या दृष्टीने लायसन्स म्हणजे सरसकट सगळी वाहने चालवण्याची परवानगी नव्हे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 10 मध्ये वाहनांचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. विनागिअर मोटारसायकल हा एक प्रकार, गिअरची मोटारसायकल हा दुसरा, हलके मोटार वाहन हा तिसरा. कार्डावर ही नावे एमसीडब्ल्यूओजी, एमसीडब्ल्यूजी, एलएमव्ही अशी छापलेली असतात. कलम 3 सांगते की जे वाहन चालवायचे, त्याचा अधिकार देणारे लायसन्स हवे. कार्डावर फक्त एलएमव्ही असेल तर जीप चालवता येते, स्प्लेंडर नाही. फक्त विनागिअरची नोंद असेल तर स्कूटर चालते, पल्सर नाही.

आपल्याकडे हे नेमके कुठे अडते? पहिला गट पिकअप-टेम्पोवाल्यांचा. बारा-बारा वर्षे गाडी हाकलेली, पण मोटारसायकलची नोंद कधी केलीच नाही. दुसरा गट स्कूटरवर टेस्ट देऊन गिअरची गाडी घेणाऱ्यांचा. तिसरा गट शिकाऊ लायसन्सवाल्यांचा. पुढे-मागे ‘एल’ची पाटी नाही आणि मागे दोस्त बसलेला. शिकाऊ माणसाला मोटारसायकलवर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. चौथा गट सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते हे खरे, पण ते 50 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या आहेत.

अलीकडे ड्रायव्हर मंडळींत एक गैरसमजही पसरला आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की एलएमव्ही लायसन्स असलेल्याला 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. ‘आता कसलीच नोंद लागत नाही’ असा त्याचा अर्थ काढला गेला. मोटारसायकलचा त्या निकालाशी संबंध नाही. तो प्रकार वेगळा होता आणि आजही वेगळाच आहे.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते, ‘पकडले तर दंड भरू.’ दंड लहान नाही. योग्य लायसन्स नसताना गाडी चालवल्यास पाच हजार रुपये, आणि अशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकालाही कायद्यात पाच हजारांपर्यंत दंडाची वेगळी तरतूद आहे. तरीही या सगळ्या प्रकरणात दंड हीच सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. खरा हिशोब अपघातानंतर सुरू होतो.

2008 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर ओरिएंटल इन्शुरन्स कंपनीचे एक प्रकरण आले होते. स्कूटरने अपघात झाला होता. चालवणाऱ्याकडे लायसन्स होते, तेही अवजड वाहनाचे. ट्रक चालवू शकणारा माणूस स्कूटर चालवू शकत नाही का, असे कोणालाही वाटेल. कोर्टाने म्हटले, स्कूटर हा वेगळा प्रकार आहे आणि त्याचे लायसन्स नव्हते. म्हणून विमा कंपनीने आधी पीडित कुटुंबाला पैसे द्यावेत आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत. मालकाकडून, म्हणजे आरसी बुकावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडून.

ही रक्कम किती असू शकते, ते मोजून पाहू. समजा, 28 वर्षांचा एक मजूर अपघातात गेला. कमाई महिना 12,000 रुपये. मागे बायको, एक मूल आणि आई. भरपाई मोजण्याची रीत सुप्रीम कोर्टाने 2009 आणि 2017 च्या निकालांत ठरवून दिली आहे. स्वतःचा कामधंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे, म्हणजे 16,800. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, राहिले 11,200. वर्षाचे 1,34,400. या वयाला गुणक 17. उत्तर येते 22,84,800 रुपये. अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी.

दोन खोल्यांचे घर आणि थोडी जमीन असलेल्या बापाच्या नावावर हा आकडा लिहून पाहा. प्रत्येक प्रकरणात कोर्ट परिस्थिती बघते हे खरे. 2004 च्या नॅशनल इन्शुरन्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने असेही म्हटले आहे की मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती हे विमा कंपनीने सिद्ध केले पाहिजे. पण आपल्याच मुलाच्या लायसन्सवर काय लिहिले आहे ते माहीत नव्हते, असे कोणता बाप कोर्टात सांगणार?

आणि चालवणारा मालक स्वतःच गेला तर? दुचाकीच्या विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. त्याची अट अशी की मालकाकडे अपघाताच्या वेळी त्या वाहनाचे वैध लायसन्स हवे. ते नसेल तर दावा नाकारायला कंपनीच्या हाती कारण मिळते. म्हणजे हप्ते भरूनही बायको-मुलांच्या हाती काही न लागण्याची भीती.

ही भीती दूरची नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतले साधारण 44 टक्के दुचाकीवर होते.

गॅरेजवर काम करणाऱ्या मुलांबद्दल वेगळे बोलले पाहिजे. आपल्या समाजातली किती मुले दहावीनंतर, कधी त्याआधीच, गॅरेजात बसतात हे आपल्याला माहीत आहे. दुरुस्ती झाली की ट्रायल मारायची ती याच मुलाने, आणि गाडी गिऱ्हाइकाची. मुलगा अठराच्या आतला असेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, अशी तरतूद आहे. ज्याचे सगळे पोट गाड्यांवर अवलंबून आहे, त्याने पंचविशीपर्यंत लायसन्सशिवाय राहायचे म्हणजे धंदाच बुडाला. उस्तादांनी ट्रायल स्वतः घ्यावी आणि पोरगा अठराचा झाला की पहिल्या महिन्यात त्याचे लायसन्स काढून द्यावे. हुनर शिकवण्याचाच तो भाग आहे.

‘नाक्यावर आमचीच पोरे अडवतात’ अशी तक्रार अनेक तरुण करतात. नाव ऐकून किंवा दाढी बघून कोणाची तपासणी जास्त होत असेल तर ते चूकच आहे, आणि त्याविरुद्ध लेखी तक्रार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. पण ही तक्रार खिशात पूर्ण कागद असताना केली तर ती टिकते. नोंद नसलेले कार्ड हातात असले की प्रश्न पोलिसांच्या वागण्याचा राहत नाही, आपल्या लायसन्सचा होतो. शिवाय गाडीखाली येणारा माणूस आपले नाव विचारून येत नाही. त्याच्या बायकामुलांचा भरपाईवर हक्क आहे, आणि तो बुडणार नाही हे पाहणे आपले काम आहे.

दुसरी तक्रार जास्त खरी आहे. रोजंदारीवाल्याला साताऱ्याला जायचे म्हणजे दिवस मोडतो, एजंटाचे पैसे वेगळे. यावर उपाय आहे. ज्याच्याकडे आधीचे लायसन्स आहे त्याने ‘सारथी’ पोर्टलवर नवीन वाहनप्रकार जोडण्याचा अर्ज करायचा. त्या प्रकाराचे शिकाऊ लायसन्स काढायचे. महाराष्ट्रात 2021 पासून आधारच्या आधारे शिकाऊ लायसन्स घरबसल्या मिळते. तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत गाडीवर टेस्ट द्यायची. केंद्रीय नियमांतली फी शिकाऊ लायसन्सला 150, टेस्टला 300 आणि नोंद वाढवायला 500 रुपये. पोस्ट आणि इतर आकार धरून हजाराच्या आसपास जाईल. म्हणजे एका दंडाच्या पाचव्या हिश्शात काम होते.

फक्त टेस्टसाठी प्रत्यक्ष जावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे कॅम्प भरतात, त्यांच्या तारखा आधी गावात कळल्या पाहिजेत आणि कॅम्पची संख्या वाढली पाहिजे. ही मागणी नगरपरिषदेने आणि तरुण मंडळांनी मिळून आरटीओकडे लेखी करावी. ज्यांना मोबाइलवर अर्ज भरता येतो त्यांनी महिन्यातून एक रविवार बसून दहा जणांचे अर्ज भरून द्यावेत. त्यात बहिणींनाही धरा. घरात स्कूटर असते, ती चालवतात त्याही, पण कार्ड भावाकडेच असते.

अपघात झाला की आपण ‘तकदीर’ म्हणून मोकळे होतो. अपघात तकदीर असेलही. हजार रुपये आणि एका दिवसाची सुट्टी वाचवण्यासाठी लायसन्सवरची नोंद टाळणे ही मात्र तकदीर नव्हे, आपण घेतलेला निर्णय आहे, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुसरेच कोणीतरी मोजते. आज रात्री घरातली सगळी कार्डे एकदा बाहेर काढा आणि वाहनप्रकारासमोर काय छापले आहे ते वाचा. ज्याच्या कार्डावर नोंद नसेल, त्याच्या हाती उद्यापासून चावी देऊ नका. मग तो घरचा थोरला असला तरी.