बेरजेमागील तपशील

पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेला किंवा मणक्याला मार लागून कमरेखालची शक्ती गमावलेला कमलनगर तालुक्यातील रुग्ण बीदर, उदगीर अथवा लातूर येथे उपचार घेऊन गावी परततो, तेव्हा त्याच्या कागदांत औषधांची यादी असते, खर्चाचा हिशेब असतो, पुढील तपासणीची तारीखही असते. परंतु कोणते काम तो आपल्या हाताने करतो आणि कोठे त्याला दुसऱ्याचा हात लागतो, हे घरच्यांना कळेल अशा रीतीने लिहिलेले क्वचितच आढळते.

अशी नोंद करण्याची पद्धत जुनी व सिद्ध आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात जीर्ण व्याधींच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या फ्लॉरेन्स महोनी व डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणपत्रकात जेवण, स्नान, केस-तोंड आवरणे, कपडे घालणे, मल व मूत्र यांवरील ताबा, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीवर बसणे, चालणे आणि जिना चढणे या दहा बाबी असून त्यांचे एकंदर गुण शंभर आहेत. रुग्णाला काय जमू शकेल याची अटकळ येथे बांधायची नसते. तो प्रत्यक्षात काय करतो तेवढेच नोंदवायचे असते, आणि त्याला भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या परिचारिकेइतका याचा विश्वसनीय साक्षीदार दुसरा नाही.

दोष पद्धतीचा नाही, केवळ बेरजेवर विसंबण्याच्या शिरस्त्याचा आहे. हातांत पूर्ण बळ असून लघवीवर मुळीच ताबा नसलेला चाकांच्या खुर्चीवरील तरुण आणि माणसाच्या आधाराने चालणारा, पण घास मोडून द्यावा लागणारा पक्षाघाताचा वृद्ध, या दोघांचीही बेरीज साठ भरू शकते; एकाच्या घरच्यांना मूत्रनलिकेची स्वच्छता शिकवली पाहिजे, दुसऱ्याच्या घरी जेवणाच्या वेळी कोणीतरी जवळ बसले पाहिजे, आणि हा भेद त्या साठाच्या आकड्यात दिसत नाही. शिवाय रुग्णालयातील सपाट फरशीवर व कमोडवर मिळालेले गुण, जेथे उंबरठा ओलांडावा लागतो, उकिडवे बसावे लागते आणि जेवणाची पंगत जमिनीवर असते, अशा घरात टिकतीलच असे नाही. पूर्ण शंभर गुण मिळालेला रुग्णही एकटा राहू शकेल असा अर्थ काढू नये, असे खुद्द कर्त्यांनीच बजावले होते.

परिचारिकांवर आधीच कामाचा बोजा आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु दहा ओळी भरण्यास काही मिनिटे पुरतात, आणि त्यांच्या अभावी घरी उद्भवणारी शय्याव्रणे व पडण्याचे अपघात त्याच यंत्रणेकडे अधिक श्रमाचे काम घेऊन परततात.

उदगीर व कमलनगर हे १९५६ पर्यंत एकाच बीदर जिल्ह्यात होते; आज त्यांच्यामध्ये राज्याची सरहद्द असली, तरी रुग्ण ती नित्य ओलांडतात. म्हणून दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांकडे मागणी एवढीच, की घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर बेरजेसोबत दहाही बाबींचा तपशील मराठीत व कन्नडमध्ये लिहिला जावा, घरातील शौचालय व उंबरठा यांची चौकशी त्यापूर्वीच व्हावी, आणि महिन्याभराने तेच पत्रक रुग्णाच्या घरी पुन्हा भरले जावे.