चेटकीण आणि कायदा

चेटकीण ठरवून माणसास ठार मारणे हे एके काळी न्यायदान समजले जात असे. इंग्लंडात जेम्स राजाच्या १६०४ च्या कायद्यान्वये चेटूक करून अपाय करणाऱ्यास फाशी होती. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये १४ स्त्रिया व ५ पुरुष रीतसर खटला चालवून फासावर चढविण्यात आले. १७३५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने जुना कायदा रद्द केला आणि चेटूक हा गुन्हाच नव्हे, ते आपणास येते असे भासविणे हा गुन्हा, अशी उलटी मांडणी केली. शिक्षा उरली एक वर्षाच्या कारावासाची.

कायदा बदलला, गावे बदलली नाहीत. १७५१ मध्ये ट्रिंगजवळ रूथ ऑस्बोर्न या वृद्धेस जमावाने तळ्यात बुचकळून मारले. न्यायालयाने तो निव्वळ खून मानला व म्होरक्या टॉमस कॉली यास फाशी दिली. एका दुष्ट म्हातारीपायी माणूस लटकविला, अशी कुरकुर करीत लोक दूर उभे राहिले म्हणे!

ही कुरकुर आम्हांस परकी वाटत नाही. भगताने बोट दाखवावे आणि एखाद्या एकाकी विधवेस गावाने डाकीण ठरवावे, असे आपल्या देशात आजही घडते. पुष्कळदा त्या बोटामागे तिच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेला भाऊबंद असतो. बिहारने १९९९ मध्ये कायदा केला, पण डाकीण ठरविणाऱ्यास शिक्षा ठेवली तीन महिन्यांची किंवा एक हजार रुपये दंडाची. झारखंडने २००१ मध्ये तोच उचलला. जमिनीच्या लोभ्याला हजार रुपये म्हणजे किरकोळ खर्च! डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने केलेला कायदा अधिक जाणता आहे. अमका मंत्राने गुरांचे दूध आटवितो, असा बोभाटा करणेही त्यात गुन्हा असून शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. आसामने २०१५ मध्ये हा गुन्हा अजामीनपात्र केला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र या गुन्ह्यास स्वतंत्र कलम नाही. ते घालावे, आणि हाकलून दिलेल्या स्त्रीचे घर व शेत तिला परत मिळवून देण्याची जबाबदारी त्याच कलमात जिल्हाधिकाऱ्यावर टाकावी, अशी आमची मागणी आहे.