दिशेसोबत खात्रीही हवी

रेडिओ संदेश कोणत्या बाजूने आला, हे शोधण्याचे गणित जुने आहे. तिरकी आलेली लहर रांगेतल्या एका अँटेनावर आधी पोचते, शेजारच्या अँटेनावर किंचित उशिरा. त्या फरकातून कोन निघतो. राल्फ श्मिट यांची ‘म्युझिक’ पद्धत 1986 मध्ये प्रसिद्ध झाली, रिचर्ड रॉय आणि थॉमस कैलाथ यांची ‘एस्प्रिट’ 1989 मध्ये. दोन्ही पद्धती काही गोष्टी गृहीत धरतात: अँटेना कागदावरच्यासारख्याच बसवलेल्या आहेत, संदेश किती हे माहीत आहे आणि ते एकमेकांच्या नकला नाहीत. शहरात हे कोलमडते. एकच लहर चार इमारतींवर आपटून चार बाजूंनी येते आणि गणित गोंधळते. अशा ठिकाणी हजारो उदाहरणांवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क सरस ठरू शकते, कारण अँटेनांचे बारीकसारीक दोषही ते शिकून घेते. त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण त्याने सांगितलेला नुसता कोन ग्राह्य धरू नये.

अडचण शिकवणीत आहे. खरी मोजमापे गोळा करणे खर्चाचे, म्हणून बरीचशी उदाहरणे संगणकावर तयार होतात. तिथे नसलेली परिस्थिती समोर आली, एखादी अँटेना वाकली किंवा शेजारी नवा टॉवर उभा राहिला, तरी नेटवर्क तितक्याच ठामपणे उत्तर देते. हा ठामपणा कुठे महागात पडतो, ते पाहा. विमानाच्या आपत्कालीन बीकनचा 406 मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रह टिपतात; शेवटच्या टप्प्यात शोधपथक बहुधा 121.5 मेगाहर्ट्झच्या खुणेमागे जाते. तिथे 10 किलोमीटरवरून 5 अंशांची चूक म्हणजे सुमारे 875 मीटरचा फरक. डोंगरात एवढ्याने दरी बदलते.

जुनी पद्धतही चुकतेच की, असे कुणी म्हणेल. चुकते, पण कोणते गृहीतक मोडले, हे बहुतेक वेळा तपासता येते. नेटवर्कच्या लाखो आकड्यांत तसा माग काढणे फार कठीण. वेग हवा म्हणून ही तपासणी सोडून द्यावी, हा युक्तिवादही टिकत नाही. नेटवर्कने अँटेनांचे दोष दुरुस्त करावेत आणि कोन जुन्या गणिताने काढावा, अशी जोडणी शक्य आहे. सार्वजनिक पैशातून दिशा शोधणारी अशी यंत्रे घेताना निविदेत दोन अटी असाव्यात: चाचणी शिकवणीबाहेरच्या जागी झालेली असावी आणि प्रत्येक कोनासोबत चुकीची मर्यादा छापून यावी.