पोर ‘जोप्पो’ मागतंय, ऐकू येतंय काय?

दोस्तांनो, बुलडाणा म्हटलं की तुम्हाला लोणार आठवतं, शेगाव आठवतं. निहाल आठवत नाहीत. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला राहतात ते. त्यांची निहाली जगातल्या कुठल्याच भाषेच्या गोतात बसत नाही. बोलणारे उरलेत दोन-अडीच हजार.

सरकारनं काय केलं? जमातींच्या यादीत त्यांना कोरकूंच्या पोटात घातलं. जनगणना दहा हजारांखालच्या भाषेचं नावसुद्धा छापत नाही. आणि पंडित? १९६२ साली कायपर नावाच्या डच पंडितानं शंका काढली, ही चोरांची गुप्त बोली तर नसेल? वा रे विद्वत्ता! ज्यांचं जंगल लुटलं त्यांचीच जीभ चोर!

आता त्यांचं तीन वर्षांचं पोर अंगणवाडीत बसतं. तहान लागली की ‘जोप्पो’ म्हणणार. जोप्पो म्हणजे पाणी. बाईंना ते कळलं नाही तर पोर पहिल्याच दिवशी मुकं. पुढं तेच ‘मठ्ठ’, आणि शाळा सुटली की आईबाप अडाणी. हा धंदा आपल्याला नवा नाही.

म्हणे, आदिवासी दिनाला नाचवतो की त्यांना! थू त्या नाचावर. साहेबापुढं पिसं खोचून उभं राहणं ही संस्कृती नव्हे. आजीची गोष्ट, मोहाची वेचणी, झाडापानांची नावं वर्गात आली पाहिजेत, रोज.

आपल्यातलेच विचारतील, बोलीत कोंडून त्यांना मागं ठेवायचं काय? ‘परंपरा जपा’ म्हणणाऱ्यांचा संशय मलाही येतो. गावकुसाबाहेर आपल्याला परंपरेनंच ठेवलं होतं. निहाल पोराला मराठी पाहिजे, इंग्रजीही पाहिजेच. पण शिडीची पहिली पायरी त्याच्या पायाला लागेल अशी पाहिजे.

जमत नाही म्हणू नका. ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरुवात केली, पुढं कोसबाडला वारल्यांच्या अंगणात शाळा नेली. पोरं गुरांमागं गेली तर शाळा कुरणात गेली. घटनेचं कलम ३५०-क १९५६ पासून प्राथमिक शाळेत मातृभाषेची सोय करा म्हणतंय. २०२० चं शिक्षण धोरण तेच म्हणतंय. कागद ढीगभर. माणूस कुठाय?

निहाली बोलणारी बाई सेविका म्हणून नेमा. गोष्ट सांगणाऱ्या म्हातारीला रोजचे पैसे द्या. फुकटची सेवा नको, मजुरी द्या.

आणि आपण? १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनं ‘दलित’ म्हणताना अनुसूचित जमातीही धरल्या. मी गोदीत माल उचलतो. कुठल्याही देशाची पेटी आली तरी तिच्यावर तिचं नाव असतं. पोराचं तेवढंही नाही. जाहीरनामा खरा असेल तर जामोदच्या पोरांची तहान आपल्या घशाला लागली पाहिजे.